राशींचे स्वामी : रूपक कीं निकाल?

ज्योतिष खरें कीं खोटें हा वाद आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो जितका जुना तितकाच निष्फळही ठरला आहे. तो मिटविण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्योतिषाची भाषा मराठी माणसाच्या तोंडीं इतकी रुळली आहे कीं, त्या शास्त्रावर काडीइतकाही विश्वास नसलेला गृहस्थसुद्धां दोन भावांचें पटेनासें झालें म्हणजे त्यांचें षडाष्टक आहे असें म्हणतो, संकटामागून संकट येऊं लागलें म्हणजे साडेसाती लागली म्हणतो, आणि पिच्छा न सोडणारा मनुष्य आपल्या राशीस आला म्हणतो. जी भाषा आपण रोज बोलतों तिच्यामागें कोणती कल्पना उभी आहे हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. फलज्योतिषाची बरीचशी इमारत ज्या एका कल्पनेवर उभी आहे, ती म्हणजे राशिस्वामित्वाची. अमुक राशीचा अमुक ग्रह धनी, ही. या कल्पनेचा आध्यात्मिक अर्थ काय, तो कोठून आला, आणि आपल्या सुशिक्षित घरांत आज त्याचें काय होतें, या तीन प्रश्नांपुरताच प्रस्तुत लेख मर्यादित आहे.

या विषयावर बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एकाच्या मतें राशींची ही वांटणी वैदिक ऋषींना समाधींत स्फुरली. तेव्हां तिचा कण न् कण गूढार्थानें भरलेला असलाच पाहिजे. दुसऱ्याच्या मतें ती परदेशांतून उसनी आलेली एक भाबडी समजूत आहे; तेव्हां तिच्यांत अर्थ शोधणें म्हणजे वाळू रगडून तेल काढणें होय. पहिला पक्ष अर्थ आधीं गृहीत धरतो आणि मग रचनेकडे वळतो. दुसरा रचनेचें मूळ सांपडलें एवढ्यावरच समाधान मानून तिच्याकडे पाठ फिरवितो. दोघांपैकीं कोणीही ती रचना वाचीत नाहीं. कवितेचें परीक्षण करणारा ज्याप्रमाणें कवीचें चरित्र व वाचकाची भक्ति हीं दोन्ही क्षणभर बाजूस ठेवून आधीं कविता वाचतो, त्याप्रमाणें आम्ही प्रथम ही रचना वाचणार आहों.

राशि बारा आणि ग्रह सात. सूर्याला सिंह व चंद्राला कर्क अशी एकेकच रास मिळाली आहे. उरलेल्या दहा राशि पांच ग्रहांना दोन-दोन प्रमाणें वांटल्या आहेत : बुधाला मिथुन व कन्या, शुक्राला वृषभ व तूळ, मंगळाला मेष व वृश्चिक, गुरूला धनु व मीन, शनीला मकर व कुंभ. ही यादी नुसती पाठ करणाऱ्याला वांटणी कशीतरीच केलेली वाटते. परंतु बारा राशि वर्तुळांत मांडाव्या, कर्क व सिंह यांच्यामधल्या सीमेवर उभें राहावें, आणि दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं चालूं लागावें. पहिल्या पावलाला एकीकडे चंद्र आणि दुसरीकडे सूर्य भेटतो. दुसऱ्या पावलाला दोन्हीकडे बुध, तिसऱ्याला दोन्हीकडे शुक्र, चौथ्याला मंगळ, पांचव्याला गुरु आणि सहाव्याला शनि. कल्याणवर्म्यानें आपल्या सारावलींत हेंच सूत्ररूपानें सांगितलें आहे : सिंहेपासून पुढचें अर्धें राशिचक्र सूर्याचें, कर्केपासून उलट मोजलेलें अर्धें चंद्राचें, आणि बाकीच्या ग्रहांचीं घरें त्या क्रमानें.

हा क्रम मनचा नाहीं. आकाशांत बुध सूर्यापासून फार तर २८ अंश दूर जातो, म्हणजे एका राशीच्या आंत. म्हणून त्याला लगतची रास. शुक्र सुमारें ४७ अंशांपर्यंत जातो, म्हणजे दोन राशींच्या आंत. म्हणून त्याला त्यापुढची. मंगळाची राशिचक्रांतील फेरी सरासरीनें ६८७ दिवसांची, गुरूची सुमारें १२ वर्षांची आणि शनीची सुमारें साडेएकोणतीस वर्षांची. ज्याची चाल जितकी मंद तितकें त्याचें घर दूर. अशी ही रचना निरीक्षणावर बेतलेली, आटोपशीर आणि समतोल आहे. ती सुंदर आहे असें म्हणण्यास फलज्योतिषावर विश्वास असण्याची गरज नाहीं.

आतां ती आली कोठून? वेदांगज्योतिषांत राशि नाहींत. तेथें नक्षत्रें आहेत, आणि नक्षत्रांना स्वामी आहेत ते देव आहेत, ग्रह नव्हेत. कृत्तिकांचा अग्नि, रोहिणीचा प्रजापति, पुष्याचा बृहस्पति अशी ती व्यवस्था आहे. मेषादि राशि वैदिक वाङ्मयांत सांपडत नाहींत ही गोष्ट शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासांत मराठी वाचकांपुढें स्पष्टपणें मांडली, आणि तीही त्या प्राचीन शास्त्राविषयींचा आदर रतिभरही कमी होऊं न देतां. सहाव्या शतकांतील वराहमिहिराचें बृहज्जातक उघडावें तर पहिल्याच अध्यायांत राशींचीं पर्यायी नांवें आढळतात : क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर. हीं ग्रीक नांवें संस्कृताचा वेष घेऊन आलेलीं आहेत, हें ओळखायला मोठ्या भाषापंडिताची जरूर नाहीं. ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीक. ‘अहोरात्र’ या शब्दाचें पहिलें व शेवटचें अक्षर गाळून तो झाला असें कांहीं मानतात, ही व्युत्पत्ति वराहमिहिरानें नोंदली आहे. यवन हे म्लेंच्छ खरे, पण हें शास्त्र त्यांच्यापाशीं उत्तम रीतीनें आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान दिला जातो, असें बृहत्संहितेंत लिहून ठेवण्याचा दिलदारपणा या उज्जयिनीच्या पंडितापाशीं होता. त्याच्या आजच्या अभिमान्यांपाशीं तो असता तर पुष्कळ वाद वांचले असते.

दुसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा टॉलेमी या वांटणीचें कारण देतो. तें कारण ऋतूंचें आहे. कर्क व सिंह या राशि उत्तरेकडच्या आणि ऐन उन्हाळ्याच्या. म्हणून त्या प्रकाश व ऊब देणाऱ्या चंद्रसूर्यांच्या. मकर व कुंभ त्यांच्या अगदीं समोरच्या, थंडीच्या. म्हणून त्या शीतल व दूरस्थ शनीच्या. भूमध्यसमुद्राच्या कांठीं हें कारण चपखल बसतें. परंतु आपल्या देशांत काय होतें? आपल्या निरयन पंचांगाप्रमाणें सूर्य सिंहेंत असतो तो १७ ऑगस्टच्या सुमारापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे श्रावण-भाद्रपदांत, जेव्हां महाराष्ट्रांतील कित्येक गांवांना सूर्याचें दर्शनच दुर्मिळ असतें. आपल्याकडचा उन्हाळा कडाडतो तो सूर्य मेष-वृषभेंत असतांना. कोणी म्हणेल, हा अयनचलनाचा परिणाम आहे; मकरसंक्रांत १४ जानेवारीस येते आणि उत्तरायण खरोखर २१-२२ डिसेंबरासच सुरू होतें, तसाच हा प्रकार. परंतु वराहमिहिराच्या काळीं सायन आणि निरयन राशिचक्रें जवळजवळ जुळत होतीं, आणि तेव्हांही सिंह रास पावसाळ्यांतच पडत असे. अर्थात् रचना समुद्र ओलांडून इकडे आली, तिचें कारण मात्र पलीकडच्या तीरावर राहिलें.

येथेंच आमच्या मतें या विषयाचें मर्म आहे. कारण मागें राहिलें आणि आकृति तेवढी आली, म्हणून आकृति रिकामी ठरत नाहीं; ती दुसऱ्या अर्थानें भरण्यास मोकळी होते. मराठी वाचकाला याचें उदाहरण घरचेंच आहे. केशवसुतांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत आणलें; पुढें त्याला सुनीत हें नांव मिळालें. चौदा ओळींचा तो सांचा इटलींत जन्मला म्हणून मराठी सुनीतांतलें दुःख इटालियन ठरलें नाहीं. तद्वत् राशिस्वामित्वाची आकृति यवनांची असली तरी तिच्यांत भारतीयांनीं जो अर्थ ओतला तो भारतीयच आहे. तो वेदांत नव्हता, समाधींतही स्फुरला नसेल. ज्योतिष्यांच्या पिढ्यांनीं तो हळूहळू रचला. म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं. उलट तो माणसांनीं रचलेला असल्यामुळें त्याची परीक्षा करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो.

हा अर्थ कोणता? बृहज्जातकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं ग्रहांना मनुष्याच्या अंतरंगांत जागा दिल्या आहेत. सूर्य हा आत्मा, चंद्र हें मन, मंगळ हें बल, बुध ही वाणी, गुरु हें ज्ञान व सुख, शुक्र ही कामना आणि शनि हें दुःख. लगेच पुढें राज्याचें रूपक येतें : सूर्य-चंद्र राजे, मंगळ सेनापति, बुध राजकुमार, गुरु-शुक्र मंत्री आणि शनि सेवक. हे दोन अर्थ मनांत ठेवून मघांची आकृति पुन्हां पाहावी. आत्मा आणि मन हीं शेजारीं-शेजारीं राहतात. त्यांच्या घरांमध्यें एकच भिंत आहे. बाकीच्या प्रत्येक शक्तीला दोन घरें आहेत, एक मनाच्या बाजूला आणि एक आत्म्याच्या बाजूला. वाणीचें मनाकडचें घर मिथुन, जेथें वराहमिहिराच्या वर्णनाप्रमाणें गदा व वीणा घेतलेलें स्त्रीपुरुषांचें जोडपें आहे. तेथें वाणी संवाद करते. तिचें आत्म्याकडचें घर कन्या, जी धान्य व अग्नि हातीं घेऊन नावेंत एकटी बसली आहे. तेथें वाणी विवेक करते. कामनेचें मनाकडचें घर वृषभ, म्हणजे उपभोग. आत्म्याकडचें घर तूळ, म्हणजे हातीं तराजू. बलाचें एक घर मेंढ्याचें, उघड टक्कर देणारें. दुसरें विंचवाचें, आंतल्या आंत झुंजणारें. ही जोडणी आमची आहे आणि दुसरा वाचक ती वेगळ्या प्रकारें करील. पण एक गोष्ट आकृतींतच आहे, ती कोणालाही नाकारतां येणार नाहीं : मनुष्याची कोणतीही शक्ति केवळ मनाची नाहीं आणि केवळ आत्म्याचीही नाहीं. दोन्हीकडे तिचें घर आहे आणि तिला सारखें येणें-जाणें आहे.

स्वामित्वाची कल्पनाही या आकृतींत निराळीच होऊन येते. व्यवहारांत जो मोठा त्याच्यापाशीं घरें अधिक. येथें दोघे राजे एकेका घरावर समाधान मानतात आणि सेवकाला मंत्र्यांच्या बरोबरीनें दोन घरें मिळतात. शिवाय धनी आपल्या घरीं फार थोडा असतो. सूर्य वर्षांतून एक महिना घरीं येतो. चंद्र महिन्यांतून सव्वादोन दिवस. शनि साडेएकोणतीस वर्षांच्या फेरींत जेमतेम पांच वर्षें. उरलेला सारा काळ प्रत्येक ग्रह दुसऱ्याच्या घरीं पाहुणा असतो, आणि ज्योतिषाचाच नियम असा कीं, पाहुण्याचें बरें-वाईट यजमानाच्या बऱ्या-वाइटावर अवलंबून असतें. ज्याच्या घरीं आपण उतरलों तो दुर्बल असेल तर आपलेंही बळ खचतें. म्हणजे येथें स्वामी होणें याचा अर्थ भोगणें असा नसून दुसऱ्यासाठीं जबाबदार राहणें असा आहे, आणि तेंही स्वतः तेथें नसतांना. राहु-केतूंना तर या मूळ व्यवस्थेंत घरच नाहीं. ते ज्या घरांत असतील त्याच्या धन्यासारखीं फळें देतात असें मानतात. ज्याला स्वतःचें घर नाहीं तो यजमानाचा स्वभाव घेतो. १७८१ सालीं हर्षल, १८४६ सालीं नेपच्यून आणि १९३० सालीं प्लूटो सांपडल्यावर पाश्चात्त्य ज्योतिष्यांनीं त्यांना अनुक्रमें कुंभ, मीन व वृश्चिक या राशि देऊन टाकल्या आणि जुनी समतोल आकृति मोडली. पुढें २००६ सालीं खगोलशास्त्रज्ञांनीं प्लूटोला ग्रहांच्या यादींतून वगळलें, तेव्हां दिलेलें घर परत घ्यावें कीं काय असा प्रसंग आला. आपल्या पत्रिकांतून हर्षल-नेपच्यून लिहिले जातात, पण घरें जुन्या सातांचींच राहिलीं. यांत आमच्या ज्योतिष्यांचा पुराणमतवाद असेल. तथापि आकृतीविषयींची एक जाणही आहे.

या आकृतींतील आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट शनीची आहे. राशिचक्रांत एकाच धन्याचीं दोन घरें एकमेकांस लागून आहेत तीं फक्त शनीचीं. आणि तीं बरोबर समोर आहेत ती राजांच्या जोडीच्या. कर्केसमोर मकर, सिंहेसमोर कुंभ. मनासमोर दुःख, आत्म्यासमोर दुःख. तें त्यांच्या शेजारीं नाहीं, पाठीमागें नाहीं. समोर आहे, जेथून सतत दृष्टीस पडावें. पुराणांनीं शनीला सूर्याचाच पुत्र मानलें, आणि बृहत्पाराशरहोरेंत ग्रहांपासून अवतार सांगतांना सूर्यापासून राम, चंद्रापासून कृष्ण सांगून शनीपासून कूर्म सांगितला आहे. म्हणजे पाठीवर भार घेऊन तळाशीं राहणारा. दुःख हें परकें नसून आपलेंच अपत्य आहे, तें सेवक आहे आणि भार वाहणारें आहे, असा अर्थ या तीन निरनिराळ्या रूपकांतून सहज जुळतो. एखाद्या तत्त्वज्ञानें पानेंच्या पानें लिहून याहून अधिक सांगितलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

इथवर आम्ही या रचनेची स्तुति केली. आतां तिचें आपण काय केलें तें पाहूं. राशिस्वामित्वावरून ग्रहांची मैत्री व शत्रुत्व ठरवितात. वराहमिहिरानें सत्याचार्याच्या नांवावर जो नियम दिला आहे तो निव्वळ मोजणीचा आहे. ग्रहाच्या मूलत्रिकोण राशीपासून दुसरी, चौथी, पांचवी, आठवी, नववी व बारावी या राशींचे आणि त्याच्या उच्च राशीचा, असे स्वामी त्याचे मित्र. ज्याच्या दोन राशींपैकीं एकच या मोजणींत येते तो सम. ज्याची एकही येत नाहीं तो शत्रु. सूर्याची मूलत्रिकोण रास सिंह. तेथून मोजलें तर शनीची मकर सहावी आणि कुंभ सातवी, दोन्ही मोजणीबाहेर. म्हणून शनि सूर्याचा शत्रु. शुक्राच्या तूळ व वृषभ अनुक्रमें तिसरी व दहावी. म्हणून शुक्रही शत्रु. चंद्राची मूलत्रिकोण रास वृषभ. तेथून मोजतां कोणीच बाहेर राहत नाहीं, म्हणून चंद्राला शत्रु नाहीं. चंद्र हें मातेचें हृदय, त्याला शत्रु कोठून असणार, असें प्रवचनांत सांगतां येईल आणि श्रोत्यांना तें आवडेलही. पण वस्तुस्थिति अशी कीं, तें बोटांवर मोजून आलेलें उत्तर आहे. आणि तेंही एकतर्फी आहे, कारण शुक्र व शनि चंद्राला शत्रूच समजतात.

ही मोजणी पोथींत राहिली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ती लग्नाच्या बाजारांत आली आहे. पंचांगांतून छापल्या जाणाऱ्या वधूवरगुणमेलनाच्या कोष्टकांत एकंदर ३६ गुण असतात. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. १८ गुणांच्या खालीं घटित जमत नाहीं असा सामान्य समज आहे. यांतले ग्रहमैत्रीचे ५ गुण म्हणजे मुलामुलींच्या चंद्रराशींच्या स्वामींची मैत्री. मुलाची रास सिंह आणि मुलीची कुंभ असेल तर सूर्य व शनि परस्पर शत्रु म्हणून येथें शून्य. परंतु त्याच कोष्टकाच्या राशिकूटाच्या रकान्यांत सिंह व कुंभ एकमेकांपासून सातव्या, म्हणून सर्वसाधारण कोष्टक त्यांना सातांपैकीं सातही गुण देतें. म्हणजे ज्या समोरासमोर असण्यामुळें एका रकान्यांत पूर्ण गुण मिळाले, त्याच समोरासमोर असण्यामुळें दुसऱ्या रकान्यांत एकही मिळाला नाहीं. आणि गंमत ही कीं, पत्रिकेंत सातवें स्थान हें विवाहाचें! सातव्या घराचा धनी म्हणून जो शत्रु ठरला, तो लग्नाच्याच घरीं बसलेला आहे. कर्केची मुलगी आणि वृषभेचा मुलगा असेल तर चंद्र शुक्राला सम मानतो व शुक्र चंद्राला शत्रु, म्हणून अर्धा गुण. या अर्ध्या गुणाचा कोणता भाग कोणाच्या संसारांत कसा उतरतो, हें विचारण्याची सोय नाहीं.

ज्योतिषी यावर म्हणेल कीं, राशिकूट हा राशींचा प्रश्न आणि ग्रहमैत्री हा स्वामींचा. दोन निराळे प्रश्न, म्हणून दोन निराळीं उत्तरें. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण मग दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें एकत्र मिळवून त्यांची एक बेरीज कां करावी? आम्ही महाविद्यालयांत कित्येक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. विद्यार्थ्याचे संस्कृतांतले गुण त्याच्या उंचीच्या इंचांत मिळवून त्याला उत्तीर्ण करावा असें कोणत्याही परीक्षकाला सुचलेलें नाहीं.

ग्रहमैत्रीचा खरा घाव शून्याहून एका शब्दांत आहे. दोन राशि एकमेकींपासून सहाव्या-आठव्या पडल्या म्हणजे षडाष्टक. आणि त्यांचे स्वामी एक किंवा मित्र असतील तर तें प्रीतिषडाष्टक, शत्रु असतील तर मृत्युषडाष्टक. मेष-वृश्चिक दोन्ही मंगळाच्या, म्हणून प्रीति. सिंह-मकर सूर्य-शनीच्या, म्हणून मृत्यु. आमच्या माहितींतलें एक घर आहे. वडील विज्ञानाचे पदवीधर, आई शिक्षिका, मुलगी मकर राशीची. मुलगा व मुलगी एकमेकांस पसंत होतीं, दोन्ही घरें एकमेकांस ओळखत होतीं. मुलगा सिंहेचा निघाला आणि पत्रिका जुळविणाऱ्यानें हा शब्द उच्चारला. वडिलांचा ज्योतिषावर विश्वास नव्हता, असें ते आजही सांगतात. पण आईच्या कानांत ‘मृत्यु’ हा शब्द शिरल्यावर लग्नाचा विषय त्या घरांत पुन्हां निघाला नाहीं. तो शब्द कोणत्या मोजणींतून आला हें त्या घरांत कोणालाही ठाऊक नव्हतें. सिंहेपासून मकर सहावी, एवढाच त्याचा आधार. ज्या आकृतींत दुःख हें आत्म्याचें अपत्य व सेवक होतें, त्याच आकृतींतून एका मुलीच्या वांट्याला मृत्यूचा शिक्का आला. रूपकाचा निकाल झाला तो असा.

आतां तर या निकालाला माणसाचीही गरज उरलेली नाहीं. जन्मवेळ, तारीख व गांव दिलें कीं संगणक पळभरांत ३६ पैकीं गुण छापून देतो, आणि यंत्रानें दिलेली संख्या म्हणून तिला दुप्पट वजन येतें. जुना जोशी निदान दोन्ही घरें ओळखत असे. स्थळ चांगलें असलें तर षडाष्टकाला कांहीं तोड काढीत असे. त्याच्या त्या तडजोडींना आम्ही तरुणपणीं लबाडी म्हणत असूं. यंत्र मात्र तोड काढीत नाहीं.

फलिताच्या बाजूचा पुरावा कोणी मागेल तर तोही ठेवणें योग्य होय. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्यांत केलेली एक चांचणी २००९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. १०० हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेलीं १०० मुलें यांच्या पत्रिका घेऊन, त्यांतील प्रत्येकीं ४० ज्योतिष्यांस दिल्या व कोणती कोणाची हें ओळखण्यास सांगितलें. उत्तरें पाठविणारे २७ जण होते. त्यांचें यश सरासरीनें सुमारें ४६ टक्के भरलें. नाणें उडवून कोणासही ५० टक्के साधतें. ही चांचणी बुद्धीची होती, विवाहाची नव्हती, हें आम्ही जाणतों. तरीपण पत्रिकेवरून इतकी ढोबळ गोष्टही ओळखतां येत नसेल तर अर्ध्या गुणाच्या सूक्ष्मतेवर एखाद्या मुलीचें आयुष्य टांगून ठेवण्याचा अधिकार कोणास पोंचतो?

यावर पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें म्हणतात, आमचा विश्वास नाहीं, पण पाहून ठेवण्यांत नुकसान काय? नुकसान हें कीं, पाहिलेली गोष्ट न पाहिल्यासारखी करतां येत नाहीं. विश्वास नसलेला मनुष्य सोळा गुण आले म्हणजे अस्वस्थ होतो आणि सत्तावीस आले म्हणजे निर्धास्त. मग आजाराची, व्यसनाची, मिळकतीची, स्वभावाची जी चौकशी करावयाची ती सत्तावीस गुणांच्या भरंवशावर राहून जाते. नकारानें जितकें नुकसान होतें तितकेंच अशा होकारानेंही होतें, आणि तें उशिरां कळतें.

ज्यांना या राशिचक्राविषयीं खरी आस्था आहे त्यांना आमचें सांगणें असें कीं, त्याचा आध्यात्मिक अर्थ हवा असेल तर गुणांची बेरीज सोडली पाहिजे. दोन्ही एकत्र ठेवतां येणार नाहींत. आत्मा आणि मन यांचीं घरें शेजारीं आहेत, कोणतीही शक्ति एकाच बाजूची नाहीं, धनी घरीं नसतांनाही जबाबदार असतो, आणि दुःख समोरच्या घरांत राहतें, हा अर्थ प्रत्येक मनुष्याला सारखाच लागू आहे. तो सिंहेच्या मुलाला जितका तितकाच मकरेच्या मुलीला. त्यांत कोणी उत्तीर्ण नाहीं आणि कोणी अनुत्तीर्ण नाहीं. कारण बाराही राशि प्रत्येकाच्या पत्रिकेंत असतात. सूर्याचें घर नाहीं असा मनुष्य नाहीं, आणि शनीचें घर नाहीं असाही नाहीं. जो अर्थ सर्वांना एका चक्रांत बसवितो, त्याच्या नांवावर दोघांना एकमेकांपासून तोडणें हा त्या अर्थाचाच अपमान होय.

पत्रिका मांडावी, हौसेनें वाचावी, आजीनें नातवंडांना राशींचीं चित्रें दाखवून गोष्टी सांगाव्या. यास आमची कांहींच हरकत नाहीं. फक्त मुलामुलींनीं एकमेकांशीं बोलून होण्यापूर्वीं तिच्यावरून गुण मोजूं नयेत, आणि ‘मृत्युषडाष्टक’ हा शब्द कोणत्याही आईसमोर उच्चारूं नये. एवढें आपल्या सुशिक्षित घरांनीं पाळलें तरी राशींच्या स्वामींचा पुरेसा मान राखला असें आम्ही समजूं.